जलजीवनचा नळ आणि बारा हजारांचं शौचालय: वापरून झाल्यावर लिहितेय

आमच्या दारातल्या नळाला पहिलं पाणी आलं ते २०२३ च्या मार्चमध्ये, सकाळी सव्वासहाला. आत्याबाईंनी नळाला हळदीकुंकू लावलं आणि पहिला तांब्या तुळशीला घातला. त्यानंतर अडीच वर्षं मी तो नळ वापरतेय, त्याची पाणीपट्टी भरतेय, पाणी समितीत बसून त्याचं पाणी तपासतेय. शौचालयाचं अनुदान तर आम्ही त्याआधीच घेतलं होतं. तुमच्या गावात यातलं काही चालू असेल, व्हायचं असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

मी माण तालुक्यातली, शिवणकाम करते. गावात ३२० घरं आणि १,८०० च्या आसपास माणसं. १९९८ मध्ये लग्न होऊन आले तेव्हा होळी झाली की टँकर सुरू व्हायचा. टँकर विहिरीत ओतायचा आणि आम्ही बायकांनी ते पाणी पोहऱ्याने पुन्हा वर काढायचं. ओतलेलं पाणी खाली टेकायच्या आत विहिरीच्या काठावर भांडणं लागायची. माझ्या मोठ्या मुलीची दहावीची परीक्षा होती त्या महिन्यातसुद्धा ती पहाटे चारला माझ्याबरोबर यायची. गावाला टाकी नव्हती असं नाही. आधीच्या एका योजनेत बांधलेली टाकी वेशीजवळ वीस वर्षं उभी होती. तिची विहीर दुसऱ्याच उन्हाळ्यात आटली, मग त्या टाकीचा उपयोग फक्त निवडणुकीची पोस्टरं लावायला झाला.

योजना काय आहे ते आधी थोडक्यात सांगते. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली. तेव्हा देशातल्या खेड्यांत सव्वातीन कोटीच्या आसपास घरांना नळ होता. प्रत्येक ग्रामीण घराला नळ, आणि त्यातून माणशी रोज ५५ लिटर, पिण्यालायक, नियमित पाणी, असं उद्दिष्ट. मुदत २०२४ ची होती, ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली. आपल्या राज्यात निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. हे गावावर कर्ज नाही, अनुदान आहे. गावाने भरायची ती लोकवर्गणी, आणि तीही गावातल्या कामाच्या १० टक्के. डोंगरी, जंगली भागात किंवा निम्म्याहून जास्त वस्ती अनुसूचित जाती-जमातींची असेल तिथे ५ टक्के. रोख नाही जमली तर श्रमदानातूनही देता येते.

आमच्या गावातल्या कामाचा हिशोब ४८ लाखांचा होता, म्हणजे वर्गणी ४ लाख ८० हजार. घरटी दीड हजार आले. ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच निघाला, की सरकारी काम आहे तर आम्ही पैसे का द्यायचे? मला स्वतःला वर्गणीची ही अट या योजनेतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. कारण पुढे खोदकामाच्या वेळी ज्याने दीड हजार दिले होते, तो माणूस चरीजवळ उभा राहून बघत होता. आधीच्या टाकीच्या वेळी कुणी बघितलं नव्हतं. ज्यांच्याकडे खरंच नव्हते त्यांनी चार-चार दिवस खोदकाम केलं, त्यांची हजेरी वहीत लिहिली.

आता खोदकामाचं. समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात, त्या नियमामुळे माझं नाव आलं. पहिल्या बैठकीला मी फक्त सही करून आले. दुसऱ्या बैठकीला अंदाजपत्रकाची प्रत मागितली आणि घरी आणून मुलाकडून एकेक ओळ समजून घेतली. त्यात होतं, की वितरण वाहिनीवर ९० सेंटिमीटर माती हवी. एवढी खोली कशासाठी हे मुलाने सांगितलं: वरून ट्रॅक्टर, उसाची गाडी जाते, पाइप वर असेल तर दबतो. शिवाय उथळ पाइपला नांगर आणि कुदळ लागते.

दुसऱ्या दिवशी मी ब्लाऊजची मापं घेत बसले होते आणि आमच्याच आळीत पाइप पुरायला सुरुवात झाली. टेप गळ्यातच होता. तशीच गेले आणि चरीत सोडला. ४८ सेंटिमीटर. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा सोडला, ५१. मुकादम म्हणाला, "ताई, खाली कातळ लागलाय, मशीन चालत नाही." मी म्हणाले, "मग दादा, कातळ दाखवा, मी गप बसते." शेजारच्या आण्णांनी घरातून पहार आणली आणि चरीत मारली. पहार वीतभर मुरमात गेली. पुन्हा मारली, पुन्हा गेली. तोपर्यंत पंधरा-वीस माणसं जमली होती. मी त्या टेपचा फोटो काढला, चरीच्या तळाला शून्य आणि काठाला माझं बोट, असा. तो फोटो लावून समितीने त्याच दिवशी अर्ज दिला.

ठेकेदाराचं बिल निघण्याआधी त्रयस्थ संस्थेची तपासणी होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो फोटो बघितला, दोन ठिकाणी उकरून खात्री केली, आणि २१० मीटर लाइन पुन्हा खोदून खाली घ्यायला लावली. पुढे एका वळणावर खरंच कातळ होता. तिथे पाइपभोवती काँक्रीट घालून दिलं. असं करता येतं हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. सांगायचं कारण एवढंच, की तपासणीची व्यवस्था योजनेत आहे. ती चालते, पण तपासणाऱ्याला कुठे उकरायचं ते गावाने दाखवावं लागतं. पाइपवरचा छापही वाचा. व्यास, दाबाचा वर्ग आणि 'आयएस ४९८४' हा भारतीय मानकाचा क्रमांक काळ्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपवर छापलेला असतो, ते अंदाजपत्रकाशी जुळतं का बघा. एकदा माती पडली की कुणाला दिसत नाही.

उद्भव विहिरीच्या, म्हणजे जिथून योजनेचं पाणी उचलायचं त्या विहिरीच्या बाबतीत आम्ही आधीच्या अनुभवाने शहाणे झालो होतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लोकांनी विहिरीसाठी पाझर तलावाच्या खालची जागा सुचवली. आमच्या काही लोकांना ती गावाच्या जवळ हवी होती, पाइप कमी लागेल म्हणून. वाद झाला. शेवटी तलावाखालीच घेतली, ते फार बरं झालं. शिवाय आमच्या भागात श्रमदानाची हवा आधीपासून होती. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत २०१८ ला आमच्याच तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं, तेव्हा आमच्या गावानेही उतारावर चर खोदले होते. ते चर नसते तर आजच्या विहिरीला मे महिन्यात एवढं पाणी राहिलं नसतं, असं मला ठाम वाटतं. योजनेत नळावर जेवढं लक्ष आहे तेवढं पाण्याच्या उगमावर नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. टाकी, पाइप, नळ यांचे फोटो निघतात. जमिनीत मुरलेल्या पाण्याचा फोटो निघत नाही, म्हणून ते मागे पडतं.

पाणी किती येतं? कागदावर १,८०० माणसांना ५५ लिटरप्रमाणे रोज ९९ हजार लिटर लागतं. टाकी ५० हजारांची आहे, म्हणजे रोज दोनदा भरायची. मी घड्याळ लावून माझ्या नळाखाली २० लिटरची बादली ठेवली. १०० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर आणि पाणी सुटतं त्या चाळीस मिनिटांत ४८० लिटर. आम्ही घरात सहा माणसं, आमची गरज ३३० लिटर. जुलै ते फेब्रुवारी रोज पाणी येतं तेव्हा भरपूर होतं. एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड येतं, तेव्हा ४८० लिटर दोन दिवसांना, म्हणजे माणशी ४० लिटर. जलजीवनच्या आधी राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमात माणशी ४० लिटरचाच निकष होता. उन्हाळ्यात आम्ही अजून त्याच जुन्या आकड्यावर आहोत. तरी मी तक्रार करणार नाही, कारण हे ४० लिटर माझ्या दारात येतं आणि डोक्यावर काही घ्यावं लागत नाही. पण टाकीजवळच्या घरांना माझ्या दुप्पट मिळतं आणि वरच्या वस्तीला निम्मं, हे मी बादली लावून बघितलं आहे. काहींनी नळाला थेट मोटार जोडली होती. समितीने घरोघर फिरून त्या काढायला लावल्या, तेव्हा कुठे वरच्या वस्तीची धार सुधारली. सुधारली म्हणजे पुरेशी झाली असं नाही. तिथल्या अकरा घरांसाठी वेगळी लहान टाकी हवी, ती मागणी अजून पडून आहे.

गुणवत्तेच्या तपासणीबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहायचं आहे. प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवतात आणि एक पेटी देतात. आम्हा पाच जणींत दोघी अंगणवाडीच्या, एक आशाताई, एक दूध डेअरीवर काम करणारी आणि मी. पेटीत पाण्यात थेंब टाकून रंग बघायचा असतो: क्लोरिनला पिवळा, बाकीचे नायट्रेट, फ्लोराइड वगैरे कार्डावरच्या रंगाशी जुळवायचे. जंतूंसाठी एक लहान बाटली असते. तिच्यात पाणी भरून उबेत ठेवायची, पाणी काळं पडलं तर ते पिऊ नये.

गेल्या वर्षीच्या जुलैत मी पाच घरांच्या पाच बाटल्या भरल्या आणि स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या फडताळात ठेवल्या. सकाळी उठून चहा ठेवायला गेले तर चार बाटल्या जशाच्या तशा आणि खालच्या आळीची बाटली काजळीसारखी काळी. त्या घरात दोन वर्षांचं मूल होतं. मी चहा तसाच टाकून गेले, आधी त्यांचा माठ ओतायला लावला. मग पाणी सोडणाऱ्या दादांना घेऊन लाइनच्या कडेने चालत निघालो. गटार ओलांडून पाइप जातो तिथे जोड सुटला होता. पाणी चालू असताना तिथून बाहेर गळायचं आणि बंद झालं की रिकाम्या पाइपात गटाराचं पाणी ओढलं जायचं. त्या गटाराखाली खोदकाम झालं त्या दिवशी मी लग्नाला गेले होते, तिथे टेप लावायचा राहिला होता. आता तो जोड बदलून पाइपवर बाहेरून लोखंडी नळी चढवली आहे. त्या घरची बाटली मी नंतर तीन वेळा भरली, तिन्ही वेळा स्वच्छ निघाली.

चालवायच्या खर्चाचं फार कुणी सांगत नाही, म्हणून आमचे आकडे देते. विजेचं बिल महिन्याला १४ हजारांच्या आसपास, पाणी सोडणाऱ्या दादांना ६ हजार, वर्षाला पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि दुरुस्ती मिळून ४० हजार. सगळे मिळून वर्षाचे २ लाख ८० हजार. पाणीपट्टी घरटी वर्षाला १,२००. पहिल्या वर्षी दहातल्या सहा घरांनीच भरली, म्हणजे २ लाख ३० हजार आले आणि खड्डा पडला. बांधायला अनुदान मिळतं, चालवायला आपणच असतो. दुसऱ्या वर्षीपासून वसुली बचत गटाकडे दिली. दर महिन्याच्या पाच तारखेला शंभर रुपये, घरी जाऊन, पावतीसकट. एकदम बाराशे काढायला जड जातात, शंभर जात नाहीत. आता २९० घरं भरतात. मोटार जळाली तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून नवीन घेतली. २०२१ ते २०२६ साठीच्या त्या आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. तो रस्त्याला किंवा कमानीला वापरता येत नव्हता. तुमच्या ग्रामपंचायतीत हा पैसा कशावर गेला ते ग्रामसभेत विचारा.

शौचालयाचं अनुदान १२ हजार, त्यात ७,२०० केंद्राचे आणि ४,८०० राज्याचे. हे स्वच्छ भारत मिशनमधून मिळतं. आम्ही २०१५ मध्ये घेतलं. यात मला एकच गोष्ट खटकते आणि ती मोठी आहे: पैसे बांधून झाल्यावर मिळतात. ज्याच्या हातात आधीच पैसे आहेत त्याला ते सोपं आहे. आमच्या शेजारच्या काकू एकट्या राहतात, मजुरी करतात. त्यांना खर्च आला २६ हजार. त्यांनी गटातून २० हजार कर्ज काढलं, महिना दोन टक्क्यांनी. अनुदान खात्यावर यायला सात महिने गेले, तोवर २,८०० रुपये व्याज झालं. बारा हजारांतले एवढे व्याजातच गेले. पुढे आमच्या गटाने ठरवलं, की शौचालयासाठी घेतलेल्या कर्जाला पहिले सहा महिने व्याज नाही. त्यानंतर नऊ घरांनी बांधलं. सरकारने निम्मी रक्कम जोत्याचं काम झाल्यावर दिली तर गरिबांचं किती सोपं होईल.

दोन खड्ड्यांचंच शौचालय बांधा, गवंडी काहीही म्हणाला तरी. आमचा गवंडी एकच मोठी टाकी बांधा म्हणत होता, "पन्नास वर्षं बघायला नको." आम्ही ऐकलं नाही. जाळीच्या विटांचे दोन खड्डे, मध्ये एक चेंबर. एका वेळी एकच चालू. आमचा पहिला खड्डा २०२१ मध्ये भरला. चेंबरमध्ये वाट बदलून दुसरा चालू केला आणि पहिला झाकून ठेवला. दोन वर्षांनी यजमानांनी झाकण काढलं तेव्हा मी पदर नाकाला लावून लांब उभी होते. ते म्हणाले, "ये, बघ." आत चहापत्तीसारखी काळी, कोरडी, भुसभुशीत माती होती, वास अजिबात नाही. पाच पाट्या निघाली. डाळिंबाच्या सहा झाडांना घातली. हे पाहिल्यावर आळीतल्या दोन घरांनी आपली एक-खड्ड्याची शौचालयं बदलून घेतली.

नळ आला तसं सांडपाणी वाढलं. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पूर्वी सहा हंड्यांत घर चालायचं, सांडणार काय? आता आळीत चिखल आणि डास. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये आणि घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये धरले होते, त्यातला ७० टक्के भाग मिशनचा आणि ३० टक्के वित्त आयोगाचा. आमच्या गावाला सांडपाण्याचे ५ लाख ४ हजार बसतात. त्यातून शोषखड्डे घेतले, नांदेडच्या टेंभुर्णीने केले तसे: चार फूट लांब, रुंद, खोल, खाली मोठे दगड, वर लहान, मध्ये भोकं पाडलेला सिमेंटचा पाइप. आमची जमीन मुरमाड, पाणी चांगलं मुरतं. काळ्या रानात हे तितकंसं जमणार नाही. ज्या खड्ड्यांत ठेकेदाराच्या माणसांनी दगडांऐवजी मातीमिश्रित राडारोडा भरला ते एका पावसाळ्यात तुंबले. अशा सतरा खड्ड्यांतला राडारोडा आम्ही बायकांनी काढला आणि त्यातले दगड धुऊन पुन्हा भरले. खड्ड्याआधी एक लहान जाळीचा चेंबर ठेवा आणि आठ दिवसांनी त्यातली घाण काढा, नाहीतर भाताची शितं आणि साबणाचा थर बसतो.

कचऱ्याची गाडी आली आहे, ओला कचरा खड्ड्यात जातो, प्लास्टिकचं अजून काही खरं नाही. त्याबद्दल काही झालं तर लिहीन.

एक गोष्ट राहिली. योजना नीट चालवणाऱ्या गावाला गावातल्या कामाच्या १० टक्के रक्कम प्रोत्साहन म्हणून परत मिळते, ती अचानक येणाऱ्या दुरुस्तीसाठी फिरता निधी म्हणून ठेवायची, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. आमचे ते ४ लाख ८० हजार अजून आलेले नाहीत. त्यातून वरच्या वस्तीच्या लहान टाकीला सुरुवात करता येईल का, हे दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारायचं ठरलंय. अर्ज लिहून झाला आहे, त्या अकराही घरांच्या सह्या घेतल्या आहेत. अंदाजपत्रकाची प्रत माझ्या शिलाई मशिनच्या खणात असते. आजूबाजूच्या गावातल्या कुणाला बघायची असेल तर दुपारी तीननंतर मी घरीच असते.